अमेरिकेत अणुतंत्रज्ञानाची दोन वर्षांची पदवी: नोकरी आणि कमाईचा विचार कसा करावा

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांत मिळणाऱ्या असोसिएट पदव्यांमध्ये अणुतंत्रज्ञानाची पदवी कमाईच्या दृष्टीने अगदी वरच्या रांगेत बसते. तेथील श्रम सांख्यिकी कार्यालयाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार अणुतंत्रज्ञांचे वार्षिक मध्यक वेतन १,००,००० डॉलरच्या थोडे वर आहे आणि या कामात शिरण्यासाठी सर्वसाधारणपणे असोसिएट पदवीच मागितली जाते. चार वर्षांच्या अभियांत्रिकीखेरीज दुसरा मार्ग न पाहिलेल्या घरांत हा आकडा ऐकून आश्चर्य वाटते आणि मग कित्येकदा घाईने जवळच्या कॉलेजात नाव घातले जाते. ही घाई टाळावी, यासाठी हे मार्गदर्शन आहे. या क्षेत्रात पदवीचे मोल तीन गोष्टींवर ठरते: कॉलेज कोणत्या अणुवीज प्रकल्पाशी जोडलेले आहे, त्या प्रकल्पाचे पुढील वीस-तीस वर्षांचे भवितव्य काय आहे, आणि प्रकल्पात आत सोडण्यापूर्वी होणाऱ्या सुरक्षा तपासणीतून विद्यार्थी पार पडू शकतो का. म्हणून निर्णय नेहमीपेक्षा वेगळ्या क्रमाने घ्यावे लागतात. आधी प्रकल्प पाहावा, मग कामाची शाखा ठरवावी आणि कॉलेज सर्वांत शेवटी निवडावे.

वेतनाचे आकडे वाचताना

मध्यक वेतन म्हणजे निम्मे लोक ज्याच्यापेक्षा अधिक आणि निम्मे ज्याच्यापेक्षा कमी मिळवतात तो आकडा. त्या निम्म्या-निम्म्यांत दहा-वीस वर्षे काम केलेली माणसे मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे पदवी हातात पडताच तेवढे वेतन मिळेल असे गृहीत धरून घराचे किंवा कर्जाचे गणित मांडू नये. याच वर्गातील सर्वांत कमी वेतनाच्या एक-दशांश लोकांना वर्षाला साधारण ६०,००० ते ७०,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळतात. नव्याने लागणाऱ्याने आपली अपेक्षा या आकड्याजवळ ठेवणे रास्त ठरेल. सर्वांत वरच्या एक-दशांशाचे वेतन १,३०,००० डॉलरच्या पुढे जाते, पण तेथे पोहोचायला वर्षे लागतात आणि मध्ये अनेक परीक्षा द्याव्या लागतात.

दुसरी बाब संख्येची आहे. अणुतंत्रज्ञ म्हणून साऱ्या देशात जेमतेम सहा हजारांच्या आसपास लोक मोजले जातात आणि या वर्गाची संख्या घटत जाईल असा त्या कार्यालयाचा अंदाज आहे. हे वाचून अनेक पालक इथेच थांबतात. परंतु याच अभ्यासक्रमातून बाहेर पडलेले सगळे पदवीधर या एका वर्गात मोजले जात नाहीत. नियंत्रण कक्षातील परवानाधारक चालक स्वतंत्र वर्गात येतात आणि त्यांचे मध्यक वेतन १,२०,००० डॉलरच्या आसपास असते. वीजकेंद्रांतील विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक सामग्रीची दुरुस्ती करणारे आणखी वेगळ्या वर्गात येतात. शिवाय संख्या घटली तरी निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भराव्याच लागतात आणि दरवर्षी निघणाऱ्या जागांपैकी बहुतेक याच कारणाने निघतात. तरीही हे क्षेत्र लहान आहे ही वस्तुस्थिती बदलत नाही. ज्या राज्यात अणुवीज प्रकल्प नाही तेथे राहण्याचा ज्याचा निश्चय आहे, त्याने ही पदवी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी बाब जादा कामाची. तंत्रज्ञांचे वेतन बहुधा तासावर ठरते आणि आठवड्याच्या चाळीस तासांपुढील कामाला दीडपट दर मिळतो. अणुभट्टीत दर १८ किंवा २४ महिन्यांनी नवे इंधन भरावे लागते. त्या वेळी भट्टी बंद ठेवून सुमारे महिनाभर दिवसरात्र काम चालते. तेथील लोक या काळाला आउटेज म्हणतात. या महिन्यात वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा हाती येऊ शकतो. मात्र थकलेल्या माणसाकडून चूक होऊ नये म्हणून अणुनियामक आयोगाने, म्हणजे एनआरसीने, कोणत्याही २४ तासांत १६, ४८ तासांत २६ आणि सात दिवसांत ७२ तास अशी कामाची कमाल मर्यादा घालून दिली आहे. कोणी अमर्याद ओव्हरटाइमच्या गोष्टी सांगत असेल तर ही मर्यादा लक्षात ठेवून त्या ऐकाव्यात.

आधी प्रकल्प

अमेरिकेत आज २८ राज्यांत मिळून ९० हून अधिक व्यावसायिक अणुभट्ट्या चालू आहेत आणि देशाच्या विजेचा जवळपास पाचवा हिस्सा त्यांतून येतो. एका भट्टीच्या प्रकल्पात शेकडो माणसे कायमस्वरूपी नोकरीत असतात. प्रकल्प निवडताना त्याच्या परवान्याची मुदत आधी पाहावी. मूळ परवाना ४० वर्षांचा असतो, त्याला वीस वर्षांची वाढ मिळून तो ६० वर्षांचा होतो आणि आता कित्येक प्रकल्प ८० वर्षांपर्यंतच्या दुसऱ्या वाढीच्या मार्गावर आहेत. ही माहिती एनआरसीच्या सार्वजनिक कागदपत्रांत मिळते. ज्या मालक कंपनीने दुसऱ्या वाढीचा अर्ज केला आहे, ती पुढील पिढी नोकरीत घेण्याच्या तयारीत आहे, असे मानायला हरकत नाही.

परवाना शिल्लक असला म्हणजे प्रकल्प चालूच राहील, याची मात्र खात्री नसते. स्वस्त नैसर्गिक वायू आणि पडलेले विजेचे दर यांमुळे व्हर्माँट यांकी २०१४ मध्ये आणि पिल्ग्रिम २०१९ मध्ये बंद झाले, तर न्यूयॉर्कजवळचे इंडियन पॉइंट २०२१ मध्ये बंद झाले, त्यामागे राज्य सरकारचा अनेक वर्षांचा विरोधही होता. अशा प्रकल्पांत लागलेल्या तरुणांना एक तर दुसऱ्या राज्यात बदली घ्यावी लागली किंवा भट्टी मोडीत काढण्याच्या कामात राहावे लागले. गेल्या काही वर्षांत वारे उलट दिशेने वाहू लागले आहे. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने चालू अणुभट्ट्यांना करसवलत दिली. जॉर्जियात व्होगल प्रकल्पाची तिसरी आणि चौथी भट्टी २०२३ आणि २०२४ मध्ये वीज देऊ लागली. मिशिगनमधील २०२२ साली बंद झालेले पॅलिसेड्स पुन्हा चालू करण्याचे काम हाती घेतले गेले. आणि पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडची २०१९ मध्ये बंद पडलेली पहिली भट्टी, जिला आता क्रेन हे नाव दिले आहे, मायक्रोसॉफ्टशी २०२४ मध्ये झालेल्या वीजखरेदीच्या करारामुळे पुन्हा सुरू करण्याचे ठरले. बंद प्रकल्प पुन्हा सुरू होतो तेव्हा जुनी माणसे पांगलेली असतात आणि नव्या तंत्रज्ञांची भरती एकदम करावी लागते. वायोमिंगमधील केमररसारख्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या नव्या धर्तीच्या भट्ट्यांच्या बातम्याही उत्साह वाढवणाऱ्या आहेत, पण आज प्रवेश घेणाऱ्याने आपला सारा भरवसा न बांधलेल्या भट्टीवर ठेवू नये. चालू असलेल्या प्रकल्पाचा अनुभव नव्या भट्टीलाही हवाच असतो.

कॉलेज

या अभ्यासक्रमांची भौगोलिक मांडणी पाहिली की त्यांचा हेतू स्पष्ट होतो. फ्लोरिडातील इंडियन रिव्हर स्टेट कॉलेज हे सेंट लुसी प्रकल्पाच्या शेजारी आहे, जॉर्जियातील ऑगस्टा टेक्निकल कॉलेज व्होगलजवळ, टेक्सासातील व्हार्टन काउंटी ज्युनिअर कॉलेज साउथ टेक्सास प्रोजेक्टच्या परिसरात, कनेक्टिकट स्टेट कम्युनिटी कॉलेजचा थ्री रिव्हर्स परिसर मिलस्टोनजवळ. वॉशिंग्टन राज्यातील कोलंबिया बेसिन कॉलेज कोलंबिया जनरेटिंग स्टेशनच्या आणि हॅनफर्ड या सरकारी अणुस्थळाच्या, जेथे जुना अणुकचरा साफ करण्याचे काम चालते, जवळ आहे, तर दक्षिण कॅरोलायनातील एकेन टेक्निकल कॉलेजला सव्हाना रिव्हर या सरकारी अणुस्थळाचा शेजार आहे. नॉर्थ डकोटातील बिस्मार्क स्टेट कॉलेज हे वेगळे उदाहरण. त्या राज्यात अणुवीज प्रकल्प नाही, पण तेथील अभ्यासक्रम ऑनलाइन असल्यामुळे दूरच्या प्रकल्पांत आधीच काम करणाऱ्यांना तो सोयीचा पडतो.

यापैकी कोणत्याही कॉलेजात प्रवेश घेण्यापूर्वी विभागप्रमुखाला प्रत्यक्ष भेटून काही प्रश्न विचारावेत. गेल्या दोन तुकड्यांतील किती विद्यार्थी प्रकल्पात लागले आणि कोणत्या पदावर? प्रकल्पात उन्हाळी प्रशिक्षण मिळते का आणि त्याचे पैसे मिळतात का? प्रकल्पाचे अधिकारी कॉलेजच्या सल्लागार मंडळावर आहेत का? या वर्षी नवी तुकडी निघणार आहे का? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण प्रकल्पाची भरती थंडावली की हे अभ्यासक्रम एखाद-दोन वर्षे बंद ठेवले जातात. उत्तरे संदिग्ध मिळाली तर फी कितीही कमी असली तरी तेथे दोन वर्षे घालवू नयेत.

त्याच भेटीत एकसमान अणु अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राचीही चौकशी करावी. अणुउद्योगाने कम्युनिटी कॉलेजांबरोबर मिळून देशभरासाठी एक समान पाठ्यक्रम आखला आहे आणि तो ठरावीक गुणांनी पूर्ण करणाऱ्यास पदवीबरोबर वेगळे प्रमाणपत्र मिळते. त्याचा उपयोग असा, की नोकरी लागल्यावर प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रशिक्षणातील प्राथमिक भाग पुन्हा करावा लागत नाही आणि माणूस लवकर कामावर उभा राहतो. कंपनीच्या दृष्टीने ही मोठी बचत असते. प्रमाणपत्रासाठी प्रत्येक संबंधित विषयात चांगले गुण लागतात, म्हणून पहिल्या सत्रातील बीजगणित आणि भौतिकशास्त्र हलक्यात घेऊ नये. अणुभट्टीचा सिद्धांत, उष्मागतिकी, पंप आणि झडपा यांच्या टिपणवह्या तर जपूनच ठेवाव्यात, कारण चालकाच्या परवान्याच्या तयारीत हेच विषय अधिक खोलवर पुन्हा येतात.

खर्चाचे गणित साधे आहे. स्वतःच्या जिल्ह्यातील कम्युनिटी कॉलेजची फी देशात सरासरी वर्षाला ४,००० डॉलरच्या आसपास असते आणि पात्र विद्यार्थ्याला २०२५-२६ साठी केंद्र सरकारचे पेल अनुदान जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर मिळू शकते. दुसऱ्या राज्यातील कॉलेज निवडल्यास फी बरीच वाढते, तेव्हा तेथील रहिवासाचे नियम आधी समजून घ्यावेत.

कामाची शाखा

प्रकल्पातील तंत्रज्ञांची कामे ढोबळमानाने चार दिशांना जातात: भट्टी चालवणे, देखभाल, किरणोत्सार संरक्षण आणि रसायन विभाग. रसायन विभागात पाण्याची शुद्धता आणि त्यातील किरणोत्सारी घटक तपासले जातात; प्रयोगशाळेची आवड असणाऱ्याला तो मानवतो, पण त्यात जागा थोड्या असतात. देखभालीत यांत्रिक, विद्युत आणि मापन-नियंत्रण अशा उपशाखा आहेत. त्यांपैकी मापन-नियंत्रणाचे कौशल्य अणुउद्योगाबाहेर रसायन कारखान्यांत आणि तेलशुद्धीकरण केंद्रांतही चालते, त्यामुळे प्रकल्प बंद पडण्याची धास्ती ज्याला वाटते त्याला ही शाखा सर्वांत सुरक्षित आहे.

कमाईची सर्वांत उंच शिडी चालकांच्या बाजूला आहे. नवा पदवीधर विनापरवाना चालक म्हणून, म्हणजे ज्या कामांना एनआरसीचा परवाना लागत नाही त्यांवर, लागतो. नियंत्रण कक्षाबाहेर, प्रत्यक्ष यंत्रांमध्ये फिरून झडपा उघडणे-बंद करणे, दाब-तापमानाच्या नोंदी घेणे, दुरुस्तीसाठी यंत्र वेगळे करून देणे ही त्याची कामे असतात. काही वर्षांच्या अनुभवानंतर त्याला परवान्याच्या वर्गासाठी निवडले जाऊ शकते. हा वर्ग साधारण दीड ते दोन वर्षे चालतो, त्या काळात पूर्ण पगार मिळतो आणि दिवसभर अभ्यास हेच काम असते. त्यानंतर लेखी परीक्षा आणि नियंत्रण कक्षाच्या प्रतिकृतीवरील, म्हणजे सिम्युलेटरवरील, प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ८० टक्के गुण लागतात. एनआरसीचा हा परवाना सहा वर्षांसाठी असतो, तो त्या विशिष्ट प्रकल्पापुरताच असतो, तो टिकवण्यासाठी सतत पुनर्प्रशिक्षण आणि दर दोन वर्षांनी वैद्यकीय तपासणी करावी लागते. त्याच्या पुढची पायरी वरिष्ठ चालकाच्या परवान्याची. हा परवाना असलेला माणूस पाळीप्रमुख होऊ शकतो, आणि बहुतेक कंपन्या परवानाधारकांना पगाराव्यतिरिक्त वेगळा भत्ताही देतात. असोसिएट पदवीवर सुरुवात करून या पदापर्यंत पोहोचलेली माणसे जवळपास प्रत्येक प्रकल्पात आढळतात.

या मार्गाची किंमतही सांगितली पाहिजे. चालकांचे काम बारा तासांच्या फिरत्या पाळ्यांत चालते. आठवडा दिवसपाळीचा, मग रात्रपाळीचा, मग काही दिवस सलग सुट्टी, आणि दर पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा केवळ प्रशिक्षणाचा. सणवार, मुलांचे वाढदिवस, घरातले आजारपण यांच्या वेळा पाळीपत्रक पाळत नाही. ज्याला झोपेचा त्रास आहे किंवा ज्याच्या घरी वृद्धांची जबाबदारी एकट्यावर आहे, त्याने केवळ वेतनासाठी या बाजूला जाऊ नये. देखभाल आणि रसायन विभागांत दिवसपाळीचे प्रमाण अधिक असते.

किरणोत्सार संरक्षणाच्या शाखेला नोकरीचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे कंत्राटी. वसंत आणि शरद ऋतूंत आउटेजचा हंगाम असतो आणि हे तंत्रज्ञ एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात फिरत काम करतात. वेतनाबरोबर राहण्या-जेवण्याचा दैनिक भत्ता मिळतो, पण हंगामांच्या मधल्या काळात उत्पन्न नसते आणि आरोग्यविम्याची सोय अनेकदा स्वतःच पाहावी लागते. तरुण, अविवाहित माणसाने दोन-तीन वर्षे असे फिरून वेगवेगळ्या भट्ट्या पाहणे आणि मग कायमची जागा पकडणे हा चांगला मार्ग आहे. पुढे राष्ट्रीय नोंदणी मंडळाची किरणोत्सार संरक्षण तंत्रज्ञाची परीक्षा दिल्यास कायम नोकरीच्या अर्जाला वजन येते. त्यासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो.

किरणोत्साराची भीती घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. कामगारासाठी कायद्याने घातलेली वार्षिक मर्यादा ५० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) आहे आणि प्रकल्प स्वतःची मर्यादा याहून बरीच खाली ठेवतात. गर्भवती स्त्रीने आपली अवस्था लेखी कळवल्यास संपूर्ण गर्भकाळासाठी गर्भाची मर्यादा ५ मिलिसिव्हर्ट एवढीच असते. प्रत्येकाची मात्रा मोजली आणि नोंदवली जाते, आणि ती नोंद पाहण्याचा हक्क कामगाराला असतो.

दारातली तपासणी

चांगले गुण मिळवलेले विद्यार्थी नेमके या टप्प्यावर गळतात, आणि ते टाळता येण्यासारखे असते. अणुप्रकल्पात सोबत्याविना आत फिरण्याची मुभा मिळवण्यासाठी बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी नोंदींची तपासणी, कर्जफेडीचा इतिहास, मागील नोकऱ्या आणि शिक्षणाची पडताळणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि अमली पदार्थ व मद्याची चाचणी यांतून जावे लागते. नोकरी लागल्यावरही अचानक चाचण्या सुरूच राहतात. वर्षभरात एकूण कर्मचाऱ्यांच्या निदान ५० टक्क्यांइतक्या चाचण्या झाल्याच पाहिजेत असा नियम आहे. अनेक राज्यांत गांजा कायदेशीर झाला असला तरी केंद्रीय नियमांनुसार चालणाऱ्या या चाचणीत त्याला सूट नाही. विद्यार्थ्याने हे पहिल्या सत्रातच मनाशी पक्के करावे.

अर्जात खोटे लिहू नये. जुना वाहनगुन्हा किंवा थकलेले क्रेडिट कार्ड बहुधा नोकरी घालवत नाही, पण ते लपवल्याचे उघडकीस आले तर नोकरी जाते, आणि प्रवेश नाकारल्याची नोंद देशातील सर्व अणुप्रकल्पांना एकमेकांत पाहता येते. चाचणीत फसवणूक करण्याचा प्रयत्न सिद्ध झाला तर बंदी कायमची असते. प्रथम वर्षातच स्वतःचा क्रेडिट अहवाल मागवून त्यातील चुका दुरुस्त करून घ्याव्यात आणि आजवरचे पत्ते, नोकऱ्या आणि तारखा एका कागदावर मांडून ठेवाव्यात.

याखेरीज बहुतेक वीजकंपन्या मुलाखतीपूर्वी चालकांसाठी पॉस आणि देखभालीसाठी मास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवडचाचण्या घेतात. त्यांत यांत्रिक समज, आलेख आणि तक्ते वाचणे, आकडेमोड यांची परीक्षा असते. नापास झाल्यास पुन्हा बसण्यासाठी काही महिने थांबावे लागते, म्हणून सरावाशिवाय बसू नये. नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर आणि जहाजांवर काम केलेले माजी नौसैनिकही याच जागांसाठी अर्ज करतात आणि त्यांचा अनुभव भारी असतो. कम्युनिटी कॉलेजच्या पदवीधराची बाजू उन्हाळी प्रशिक्षण आणि स्थानिक असणे यांनीच मजबूत होते, कारण गाव सोडून न जाणारा माणूस कंपनीलाही हवा असतो.

नागरिकत्व आणि व्हिसा

हॅनफर्ड, सव्हाना रिव्हर, ओक रिज यांसारख्या सरकारी स्थळांवर सुरक्षा परवानगी लागणाऱ्या कामांना अमेरिकी नागरिकत्व आवश्यक असते. भारतातून विद्यार्थी व्हिसावर येऊन ही पदवी घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. असोसिएट पदवीवर शिक्षणोत्तर कामाची परवानगी जास्तीत जास्त बारा महिने मिळते, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी वाढीव मुदत त्यासाठी किमान बॅचलर पदवी मागते, आणि एच-१बी व्हिसाही साधारणपणे बॅचलर पदवीच्या कामालाच मिळतो. हा मार्ग तेथील नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे.

नियुक्तिपत्र हाती आल्यावर

पहिल्या नियुक्तिपत्रात केवळ तासाचा दर पाहून सही करू नये. प्रशिक्षणाचा काळ किती, त्या काळातील दर किती, प्रत्येक टप्प्यानंतर दर किती वाढतो आणि तो टप्पा किती महिन्यांत गाठायचा असतो हे लेखी मागावे. कामगार संघटना असलेल्या प्रकल्पात हा वेतनतक्ता करारातच छापलेला असतो. पाळीभत्ता, निवृत्तिनिधीत कंपनीचा वाटा आणि पुढील शिक्षणाची फी कंपनी देते का, हेही विचारावे. फीची सवलत दुर्लक्षित राहते, पण थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आणि एक्सेल्सियरसारख्या संस्था अणुतंत्रज्ञानातील बॅचलर पदवी नोकरी सांभाळून पूर्ण करू देतात आणि आधीच्या शिक्षणाचे श्रेयांक मोठ्या प्रमाणावर धरतात. बहुतेक अणुप्रकल्प मोठ्या शहरांपासून दूर असल्याने तेथे घराचा खर्च कमी असतो. मात्र घर घेण्याआधी प्रशिक्षण पूर्ण होऊ द्यावे, कारण त्या काळातील परीक्षांत दोनदा अपयश आल्यास अनेक ठिकाणी नोकरी टिकत नाही.